घास आणि श्वास

गेल्या वर्षीची गोष्ट. धनत्रयोदशीची रात्र होती. चकल्यांचा शेवटचा घाणा उतरला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. "एक खाऊन बघा, खुसखुशीत झालीय का," म्हणून पत्नीने बशी पुढे केली. एक बघायची म्हणून चार बघितल्या. वर जेवण झाले, आणि अकराच्या सुमारास मी आडवा झालो. दीड वाजता जाग आली ती दचकून उठून बसतच. घशाशी आंबट-कडू पाणी आले होते आणि श्वास छातीच्या दाराशी येऊन परत जात होता. खिडकी उघडली, तर बाहेर फटाक्यांचा धूर. ती पुन्हा लावली आणि खुर्चीत ताठ बसून राहिलो.

चाहूल लागून मुलगा उठून आला. त्याने पाणी दिले, पाठीवर हात ठेवला, आणि माझा श्वास जरा जागेवर आल्यावर हळूच विचारले, "बाबा, चकल्या किती खाल्ल्यात?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्याच्या मनात काळजीवाचून दुसरे काही नव्हते. तरीही तो मला झोंबला. क्षणभर वाटले, मी आजारी नाही, आरोपी आहे. आणि चार चकल्या हा माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. उरलेली रात्र मी त्या खुर्चीत काढली. विचार चालला होता तो दुखण्याचा नव्हे, त्या प्रश्नाचा. आजारी माणूस स्वतःच्या आजाराला कितपत दोषी असतो? आणि तो दोष मोजण्याचा अधिकार कोणाला?

माझ्या या दुखण्याची सुरुवात २०१६ सालची. घाटकोपर स्टेशनचा पूल चढताना दम लागू लागला. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून त्या पुलावर माणसाला स्वतःच्या पायांनी चालावे लागतच नाही, गर्दीच नेऊन सोडते. तेव्हा प्रथम मी दोष गर्दीला दिला. मग रात्रीचा कोरडा खोकला सुरू झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती आणि तिचा धूर उपनगरांवर पसरला होता. मी दोष धुराला दिला. पुढे पाऊस आला, हवा धुऊन निघाली, पण माझा खोकला गेला नाही. मग दोष वयाला दिला. माणूस आपल्या दुखण्याचे कारण शोधायला निघाला, की आधी क्षितिजापर्यंत जाऊन येतो. ताटाकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते.

छातीत आवळल्यासारखे झाले तर प्रथम हृदय तपासावे, हा डॉक्टरांचा नियम योग्यच आहे. माझे हृदय तपासले. ते निर्दोष सुटले. नळीत जोराने फुंकून घेण्याची फुप्फुसांची तपासणी झाली; फुप्फुसांवरही म्हणण्यासारखा ठपका आला नाही. अखेर पोटाच्या डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून पाहिले आणि सांगितले, "तुमचा श्वास तुमच्या जठराने अडवलाय."

मला ते प्रथम थट्टेसारखे वाटले. पण त्यांनी समजावून सांगितले ते असे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास खाली जाताना ते उघडावे आणि मग मिटावे, एवढेच त्याचे काम. ते ढिले पडले, किंवा नको त्या वेळी उघडले, की जठरातले आम्ल वर येते. कधी त्याचे सूक्ष्म थेंब घशातून श्वासमार्गात उतरतात. कधी तेवढेही घडावे लागत नाही. अन्ननलिका आणि श्वासनलिका गर्भावस्थेत एकाच नळीतून निघालेल्या असतात, आणि पुढेही व्हेगस नावाच्या एकाच मज्जातंतूच्या शाखा दोघींना पोचतात. त्यामुळे एकीला आम्लाचा चटका बसला, की दुसरी आपोआप आवळते. एकाच चाळीत वाढलेल्या बहिणी लग्न होऊन वेगळ्या घरी गेल्या, तरी एकीच्या घरचे दुःख दुसरीच्या डोळ्यांत यावे, तसे हे आहे. छातीत जळजळ न होताही हे घडू शकते. कित्येकांना पोटाचा संशयही येत नाही तो त्यामुळेच.

घरी येऊन जुनी पुस्तके चाळली, तेव्हा कळले की ही ओळख नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, सतराव्या अध्यायात, उचकी आणि श्वास हे दोन्ही विकार पित्ताच्या स्थानातून उद्भवतात असे म्हटले आहे. श्वासाच्या रोगाचे मूळ छातीत न शोधता त्याच्या खाली शोधणारी ती दृष्टी पाहून मी थक्क झालो. विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्याचा ग्रंथ १८९२ साली प्रथम निघाला. दम्याच्या रोग्याने मोठे जेवण दुपारी घ्यावे, म्हणजे रात्र बरी जाते, हा अनुभव त्यानेही नोंदवला आहे. म्हणजे माझ्या चार चकल्यांवरचा निकाल माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच लागलेला होता!

पथ्य सोपे होते. निदान कागदावर तरी सोपे होते. संध्याकाळी सातला जेवायचे. जेवल्यावर तीन तास आडवे व्हायचे नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून उशाकडची बाजू सहा-आठ इंच उंच करायची. डाव्या कुशीवर झोपायचे, म्हणजे जठर खालच्या अंगाला राहते. तळलेले, तिखट, चहा-कॉफी बेताने.

त्या वेळी मी नोकरीत होतो. मी डॉक्टरांना विचारले, "डॉक्टर, सात वाजता मी दादर आणि कुर्ल्याच्या मध्ये कुठेतरी दांडीला लोंबकळत असतो. जेवू कसा?" ते हसले. उत्तर त्यांच्याकडे नव्हते, कारण प्रश्न वैद्यकाचा नव्हताच. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या गावांत लाखो माणसे साडेआठ-नऊला घरी पोचतात, साडेनऊला जेवतात आणि पहाटेची गाडी पकडायची म्हणून दहाला आडवी होतात. ज्यांच्या घरात स्वयंपाकाचीच खोली निजायची असते, त्यांची तर ताटे उचलली की त्याच जागी अंथरुणे पडतात. ही माणसे खादाड नाहीत. त्यांच्या जठराचे घड्याळ रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. मग दोष कोणाचा?

आमच्या शेजारी एक कच्छी जैन कुटुंब राहते. त्या घरातल्या वृद्ध बा चोविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. निवृत्त झाल्यावर मीही सातच्या आत जेवू लागलो, तेव्हा बा जिन्यात भेटून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आता आमच्यासारखे झाले!" मी म्हटले, "बा, तुम्ही जीवहत्या होऊ नये म्हणून लवकर जेवता आणि मी माझा जीव घुसमटू नये म्हणून. पुण्य तुमच्या खात्यात, माझ्या खात्यात नुसते भय." बा म्हणाल्या, "पुण्याचं मला काय माहीत, भाऊ. पण रात्री भांडी लवकर घासून होतात."

मला त्या उत्तरात मोठा दिलासा वाटला. आपण आजारात नीतीचा हिशेब फार लवकर आणतो. करावे तसे भरावे, ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसली आहे, की कोणी भरताना दिसला की त्याने काय केले ते आपण शोधू लागतो. शरीर मात्र इतके चोख जमाखर्च ठेवत नाही. निर्व्यसनी, मिताहारी माणसाचे ते स्नायूंचे कडे ढिले असू शकते, आणि रोज रात्री बाराला भजी खाणारा शेजारी सुखाने घोरत असतो. औषधाचीही तीच गत. आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल १९८८ साली प्रथम बाजारात आले आणि असंख्यांची जळजळ शांत झाली. परंतु ज्यांना जळजळ नाही अशा दम्याच्या रोग्यांना त्याच जातीचे औषध देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या दम्याला त्याने उतार पडला नाही. कारण आणि परिणाम यांची दोरी दिसते तितकी सरळ नसते.

हे सारे मला उशिरा कळले. लवकर कळायला हवे होते.

१९७५ सालची दिवाळी. आम्ही पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या दीड खोलीत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टात एका कचेरीत कारकून होते. ते रात्री नऊला जेवत आणि त्यांच्या ताटाच्या जागीच आमची अंथरुणे पडत. मध्यरात्री त्यांना खोकल्याची उबळ येई. ते उठून ट्रंकेवर बसत आणि खिडकीच्या गजांना धरून श्वास घेत. कधी खाण्याचा सोडा पाण्यात घालून पीत. मी त्या वर्षी एस. एस. सी.ला होतो, मार्चमध्ये परीक्षा होती. एके रात्री झोपमोड झाली तसा मी अंथरुणातूनच ओरडलो, "रात्री चिवडा खायचा तुम्ही, आणि शिक्षा आम्हाला!"

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने फराळाचे ताट पुढे केले, तेव्हा त्यांनी चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या रात्रीपासून उबळ आली की ते दार हळूच लोटून बाहेर जात. माझी परीक्षा संपेपर्यंत अण्णा थंडीत जिन्याच्या पायरीवर बसून खोकले. मी तो खोकला भिंतीपलीकडून ऐकत असे आणि कूस बदलून झोपत असे.

त्यांना माझाच विकार होता की आणखी काही, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. आणि ते कळून उपयोगही नाही. समजा, त्यांचा खोकला खरोखरच चिवड्याने वाढत होता. तरी मी बोललो ते योग्य ठरत नाही. दिवसभर आकडे मांडून, गाडीत उभे राहून घरी आलेल्या माणसाच्या आयुष्यातला तेवढाच एक चमचमीत घास मी गुन्हा ठरवला, आणि ज्या माणसाला श्वास पुरत नव्हता त्यालाच घराबाहेर काढले. दाराला हात न लावता काढले, एवढेच.

त्या धनत्रयोदशीच्या रात्री खुर्चीत बसून मला एक गोष्ट उमगली. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजाराच्या बाबतीत आपण त्यांची सतत गल्लत करतो. माझे स्नायू ढिले पडले यात माझा दोष नसेल, उपनगरातल्या जेवणाच्या वेळा मी ठरवल्या नसतील. तरी चौथी चकली उचलायची की नाही, हे माझ्याच हातात आहे. दोष नसतानाही जबाबदारी माझी असू शकते. ती मी झटकली, तर मी स्वतःला फसवतो. परंतु हेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेले, की त्याचा अर्थ बदलतो. 'काळजी घेणे माझे काम आहे,' असे रोगी स्वतःला म्हणतो, तेव्हा तो विवेक असतो. 'काळजी घेणे तुमचे काम होते,' असे दुसरा त्याला म्हणतो, तेव्हा तो आरोप होतो. आणि गुदमरणाऱ्या माणसावर आरोप ठेवणे ही क्रूरता आहे, मग आरोप खरा का असेना. सत्य बोलण्याचा हक्क सर्वांना असतो, हे खरे. पण काही सत्ये अशी असतात, की ती स्वतःविषयीच बोलायची असतात.

मग जवळच्या माणसाने करायचे काय? गप्प बसून नुसते बघायचे? माझ्या पत्नीने याचे उत्तर न बोलताच दिले होते. दुर्बिणीच्या तपासणीनंतर तिने मला एकदाही 'हे खाऊ नका' म्हटले नाही. मी निवृत्त झालो, आणि तिने घरातल्या जेवणाची वेळच सातवर आणली. चिंच आमटीतून निघून गेली, ती केव्हा गेली हेही मला कळले नाही. पलंगाखाली विटा आल्या. चकल्यांची ती एक रात्र सोडली, तर तिच्या हातून चूक झाल्याचे मला आठवत नाही. आणि त्या चुकीत तरी काय होते? वर्षानुवर्षे ज्याला सांभाळून वाढले, त्याला सणाच्या दिवशी एक घास मनासारखा द्यावा, एवढेच. दुसऱ्याचे पथ्य त्याला सांगायचे नसते. ते करून वाढायचे असते.

हल्ली मुलालाही रात्री खोकला येतो. तो अंधेरीला नोकरी करतो, साडेनऊला मेट्रोतून उतरतो, दहाला जेवतो आणि लगेच झोपतो. पहिल्यांदा तो खोकला ऐकला, तेव्हा चरकापासून ऑस्लरपर्यंत सारे माझ्या जिभेवर आले होते. मी जीभ आवरली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच्या डब्याशेजारी दुसरा एक डबा ठेवला. दोन पोळ्या आणि भाजी. "संध्याकाळी साडेसहाला भूक लागते ना तुला? तेव्हा खा," एवढेच म्हणालो. आता रात्री तो ताकभातावर भागवतो. पोळ्या मी लाटतो; गोल होत नाहीत. त्या पथ्याच्या आहेत हे त्याला मी सांगितलेले नाही. बाबांना निवृत्तीनंतर स्वयंपाकाचा नाद लागला, असे तो मित्रांना सांगतो.

या दिवाळीत चकल्या दुपारी तळायच्या आणि चारच्या चहाबरोबर खायच्या, असे ठरले आहे. पहिल्या घाण्यातली एक मी खाणार आहे. चिवड्याची वाटी मात्र, दर वर्षीप्रमाणे, अण्णांच्या तसबिरीपुढे ठेवीन. आणि तिला कोणी हात लावू नये असे मी कोणाला सांगणार नाही.