अर्ध्या वाटीचं पोट

माझ्या फोनवर दिवसातून सहा अलार्म वाजतात. आठ, साडेदहा, एक, चार, सात, साडेनऊ. प्रत्येकावर एकच शब्द लिहिलाय: 'खा'.

शाळेतल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हसून लोळतील. ज्या मुलीचा डबा मधल्या सुट्टीच्या आधीच संपलेला असायचा, ती मी. पण चौदा महिन्यांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, आणि आता दुपारचे तीन वाजले तरी पोट काही बोलत नाही. अलार्म बोलतो. मग मी उठते, अर्धी वाटी घट्ट वरण किंवा पनीरची भुर्जी घेते आणि लहान चमच्याने, एकेक घास वीस-पंचवीस वेळा चावून खाते. जेवताना पाणी नाही. जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. पाचव्या-सहाव्या घासाला नाक वाहायला लागलं की समजायचं, बास. त्यापुढे एक घास जरी गेला तरी तो छातीमागे अडकतो, आणि मग बेसिनपाशी उभं राहून तोंडात येणारा फेस थुंकत बसायचं.

किती किलो कमी झाले ते इथे लिहीत नाही. सगळे आधी तेच विचारतात, आणि आकडा ऐकला की पुढचं काही ऐकत नाहीत.

पुढचं असं आहे. ऑपरेशन यशस्वी झालं. शुगर ताळ्यावर आली, गुडघे दुखायचे थांबले, रात्री नाकावर मशीन लावून झोपावं लागायचं ते बंद झालं. आणि साधारण सातव्या महिन्यापासून मी दुःखी आहे. रडूबिडू येत नाही फारसं. फक्त सकाळी उठायचं कारण सापडत नाही. जी गोष्ट मी स्वतः मागून घेतली, जिच्यासाठी बाबांनी एफडी मोडली, जिच्या प्रत्येक पानावर मी सही केली आणि जी ठरल्याप्रमाणे घडली, तिच्याबद्दल दुःख करायचा मला अधिकार आहे का?

'अधिकार' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. दुःख होतंय हे खरंच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण ते बोलून दाखवायला लागते. मी एकदा दाखवलं. मावशी म्हणाली, "अगं, लोक तरसतात अशा शरीरासाठी. आता काय रडतेस?" तिचं चुकलं असं मला त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. मी गप्प बसले आणि स्वतःला कृतघ्न म्हणू लागले.

माझं ऑपरेशन 'स्लीव्ह' प्रकारचं. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे उरते. जठराचा वरचा फुगीर भाग या कापलेल्या तुकड्यातच जातो, आणि घ्रेलिन नावाचं, मेंदूला भूक कळवणारं हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं. म्हणजे नुसती जागा लहान होत नाही, हाक मारणाराच बराचसा निघून जातो. गेलेला भाग परत बसवता येत नाही. घ्रेलिनचा शोध लागला १९९९ साली, जपानमध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही आमच्या घरात त्याचं नाव 'जिभेवर ताबा नाही' असं होतं.

इथे मला थोडं भांडायचंय. ऑपरेशन केलं म्हणजे 'सोपा मार्ग' घेतला, असं म्हणणारे बरेच भेटतात. ॲरिस्टॉटलने दोन माणसांत फरक केलाय. एकाला नको तितकं खावंसं वाटतं, पण तो स्वतःशी झगडून आवरतो. दुसऱ्याला तसं वाटतच नाही. ॲरिस्टॉटलच्या मते दुसरा श्रेष्ठ, पण तो तसा होतो तो सवयीने, हळूहळू. मी मात्र दीड-दोन तासांत भूल घेऊन दुसऱ्या प्रकारात जाऊन बसले. ठीक आहे, मला श्रेय नको. पण पोटाचा एक तुकडा काढल्यावर मी एका रात्रीत 'संयमी' होत असेन, तर त्याआधीची पंचवीस वर्षं मी 'खादाड' होते तोही माझा स्वभाव नव्हता. श्रेय काढून घेणाऱ्यांनी दोषही परत घ्यावा. आता भूक शांत करणारी इंजेक्शनं आलीत, भारतात २०२५ पासून मुंजारो मिळतंय, तेव्हा हा हिशेब बऱ्याच घरांत मांडावा लागणार आहे. माझ्या घरात तो अजून कुणी मांडलेला नाही.

पण हे भांडण जिंकूनही सकाळी उठावंसं वाटत नाही, तेव्हा मूळ गाठ इथे नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक गोष्ट आहे, जी आजोबांमुळे मला लहानपणापासून माहीत होती आणि कळली मात्र आत्ता. जो खात नाही त्याचे विषय सुटतात, पण त्यांच्याबद्दलचा रस सुटत नाही. ज्ञानेश्वरांनी तिथे झाडाचा दृष्टांत दिलाय: वरची पानं तोडत राहायचं आणि मुळाशी पाणी सोडत राहायचं, मग झाड मरणार कसं? ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने मी हेच झाड होते. भूक शून्य. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खाण्याच्या रील बघायचे. कढईत पडणारी भजी, तर्रीवर सोडलेली शेव, कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या हातातला वडापाव. एका घासाचीही सोय नव्हती, तरी पाककृती सेव्ह करून ठेवायचे. मला ते विकृत वाटायचं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

नंतर मिनेसोटातल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अॅन्सेल कीज नावाच्या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेले हे तरुण आपणहून आले होते. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे त्यातून शिकायचं होतं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटलं. पण मला थांबवलं ते दुसऱ्या तपशिलाने. ही मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, काही जण तर ती जमवू लागले. ती चिडचिडी, एकलकोंडी, उदास झाली. एका थोर कामासाठी आपणहून आलेली माणसं होती ती, तरीही. 'मी स्वतः निवडलंय' हे कारण शरीराला पुरत नाही. माझी आणि त्यांची स्थिती एक नाही, हे मला माहीत आहे. त्यांना भूक होती, मला नव्हती. पण फोन हातात घेऊन दोन वाजता जागी असलेली मी एकटी विचित्र नाही, एवढं त्या रात्री कळलं.

मग सातवा महिना आला आणि रीलही नकोशा झाल्या. आधी वाटलं, सुटले. मग लक्षात आलं की गाणी नकोशी झालीत, मैत्रिणींचे फोन नकोसे झालेत, नवे कपडे टॅग न काढता पडून आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांचा दुसरा की तिसरा प्रश्न होता, "पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटतो का?" तोच शब्द. गीतेत तो सुटत नाही ही अडचण आहे, दवाखान्यात तो सुटला हा आजार आहे. गीता म्हणते, काहीतरी परम दिसलं की रसही जातो. माझा गेला तेव्हा मला काहीही दिसलेलं नव्हतं. खिडकीबाहेर सोसायटीचं पार्किंग होतं.

डॉक्टरांनी रक्ताच्या चाचण्या करायला सांगितल्या: बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. या ऑपरेशननंतर गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि मी दोन महिने त्या धड घेतल्या नव्हत्या. लोह आणि बी-१२ दोन्ही खाली होतं. शिवाय मनासाठीही एक गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत धुकं बरंच विरलं. म्हणजे माझं दुःख हे निव्वळ रसायन होतं का? घरच्यांना हे उत्तर आवडलं, कारण मग कुणाला काही विचारायला नको. मला ते अर्धंच पटतं. लोह भरून आल्यावर मी जिना चढू लागले, पण जिन्यावरून जाताना शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की गळ्यात येणारा आवंढा तसाच होता. तो लोहाचा नव्हता.

एक सांगायलाच हवं, नाहीतर कुणीतरी हे वाचून भलताच निर्णय घेईल. ही ऑपरेशनं आयुष्य वाढवतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा माग ठेवून ते दाखवलं गेलंय. आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा असंही दिसलं की स्वतःला इजा करून घेऊन इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर आधीच्या दीडपट होतं. एकूणात थोडीच माणसं, शंभरात एखादं. पण ते एखादं कुणीतरी असतंच. एका रात्री मी टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन केला होता. का ते इथे लिहायची गरज नाही. मी हे लिहितेय, म्हणजे ती रात्र गेली.

आता तो आवंढा.

यंदा जानेवारीत मंगळवेढ्याजवळ आत्याच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. आमचं गाव सोलापूर, थंडीत हे ठरलेलं. आगटीत कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारायची, शेंगाचटणी आणि गुळासोबत खायची. मी दोन चिमटी खाऊन थांबले. आत्या म्हणाली, "खा की गं. चार दाण्यानं काय होतंय?" मी म्हटलं, आत्या, नाही जात. तिने हात मागे घेतला. रागावली नाही. फक्त तिच्या ओंजळीतल्या दाण्यांचं काय करायचं हे तिला कळेना. मग तिने ते शेजारी बसलेल्या माझ्या भावाच्या हातात ओतले.

हे आत्याला सांगता येण्यासारखं नव्हतं, पण मला तिथे जे वाटलं ते असं होतं: आपण एक घर सोडून आलोय. दहावीच्या वर्षी घरात भांडणं चालू असायची तेव्हा रात्री स्वयंपाकघरात उभी राहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. दिवा न लावता. त्या भाकरीने मला कधी विचारलं नाही की मार्क किती, वजन किती. माझ्या सगळ्या डाएटिशियननी या खाण्याला 'इमोशनल ईटिंग' म्हटलं आणि मीही मान डोलावली. नाव बरोबरच असेल. त्याच खाण्याने मला शुगर दिली, तेही खरं. पण त्यानेच मला दहावी पार करून दिली, ते कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी मानसिक तपासणी असते. माझी दहा मिनिटांत झाली. "नंतर पूर्वीसारखं खाता येणार नाही, मान्य आहे ना?" मी आनंदाने हो म्हटलं. आपण कुणाला निरोप देतोय हे मला माहीतच नव्हतं.

निरोपावरून आठवलं. माझ्या चुलत बहिणीचं लग्न तिच्या पसंतीने झालं. मुलगा तिचा, तारीख तिची, हॉलसुद्धा तिनेच ठरवलेला. पाठवणीच्या वेळी ती अशी रडली की तिला गाडीत बसवेना. तिथे दोनशे माणसं होती. एकानेही म्हटलं नाही की बाई, तुलाच हवं होतं ना, मग रडतेस काय? उलट ती रडली नसती तर बायका कुजबुजल्या असत्या. कुणाला असंही वाटलं नाही की तिला लग्नाचा पश्चात्ताप होतोय. हवं होतं ते मिळताना जे मागे राहतं त्याच्यासाठी रडणं आणि घेतलेला निर्णय चुकला म्हणून रडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या हॉलमधल्या सगळ्यांना, अगदी मावशीलाही, न शिकवता माहीत होतं. मावशी स्वतःही रडत होती.

मला ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा सही करीन. पण माझी पाठवणी कुणी केली नाही. फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकला, आणि साठ जणांनी अंगठे दिले. आधीच्या फोटोतल्या मुलीकडे सगळे असं बघतात, जणू ती कुणाची तरी चूक होती. मीही तसंच बघायचे. हल्ली तिच्याकडे बघितलं की ती अंधारात भाकरी खाताना दिसते, आणि मला तिच्याबद्दल लाज वाटत नाही. नेमकं काय वाटतं, ते शोधतेय.

मध्यंतरी आईने कपाटातून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली. ऑपरेशननंतर पाणी, मग पेज, मग मऊ भात, असं सगळं पुन्हा पहिल्यापासून चालू होतं, त्यावरून तिला सुचलं असावं. "हीच वापर, तुझ्या मापाची आहे," म्हणाली. मला भयंकर राग आला. मी एकतीस वर्षांची आहे. वाटी फडताळात ठेवून दिली.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून तिचं पार्सल आलं, त्यात शेंगाचटणी होती. डॉक्टरांनी मला एक तक्ता दिलाय. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि शेवटचा रकाना: 'भूक होती का?' त्या दिवशी संध्याकाळी मी दह्यात चिमूटभर चटणी कालवली, वर थोडं तेल सोडलं. वाटी तीच घेतली, बाकीच्या सिंकमध्ये होत्या. पाच-सहा बोटं चाटून झाल्यावर नाक वाहायला लागलं आणि मी थांबले. तक्त्यात लिहिलं: दही, चटणी. पाव वाटी. सहा वाजून वीस मिनिटं. भूक नव्हती, खावंसं वाटलं.

अलार्म वाजायला अजून चाळीस मिनिटं होती.