चव, नाव आणि न्याय

आवडीनिवडीवर वाद घालू नये, असे आपण सहज म्हणतो. एकाला कारले आवडते, दुसऱ्याला नाही. त्यात खरेखोटे काय ठरवायचे? परंतु चवीत खरेखोटे काहीच नसेल, तर जाणकार आणि ढोंगी यांत फरक तरी कोणता? या प्रश्नाची कसून परीक्षा झाली आहे ती फ्रेंच वाइनच्या बाबतीत. मी स्वतः मद्य घेत नाही. पण आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळे परीक्षकाचा पेच मला ओळखीचा वाटतो.

फ्रेंच लोक वाइनला जेवणाची सोबत मानतात. कालवांबरोबर म्यूस्काडेसारखी आंबटसर पांढरी वाइन देतात; आपण तळलेल्या मासळीवर लिंबू पिळतो, तसाच हा हिशेब. खारट रॉकफोर चीजला गोड सोतेर्नची जोड. बाटली उघडल्यावर पहिला घोट यजमान घेतो, त्यामागे जबाबदारीची जाणीव आहे. बुचामुळे कुबट वास लागलेली वाइन पाहुण्याच्या पेल्यात जाऊ नये, म्हणून ही रीत. व्यावसायिक परीक्षक तर घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतो. डोक्यात चढली की निवाडा बिघडतो, हे तो जाणतो.

नशेइतकीच नावाचीही धुंदी असते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नामवंत फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या व कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. वीसपैकी गुण द्यायचे होते. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाला! निकाल ऐकून एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे २००१ साली बोर्डो येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले.

मग चव हा निव्वळ भ्रमच म्हणायचा काय? डेव्हिड ह्यूमने १७५७ साली रुचीवर लिहिलेल्या निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. एका पिंपातील वाइन दोघांनी चाखली. वाइन उत्तम, पण एकाला तिला चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची किंचित चव लागली. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली.

मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. किल्ली खरोखरच तळाशी असते, आणि रंगाने जीभ खरोखरच फसते. म्हणून जाणकाराला सूक्ष्म जीभ पुरत नाही. नाव झाकून परीक्षा घेऊ देण्याची तयारी हवी आणि प्रतिकूल निकाल लागला तरी गुणपत्रिका परत न मागण्याचे धैर्य हवे.

आपल्या दोनभाषी जिल्ह्यात हे धैर्य रोज लागते. समोरचा मराठीत बोलला की कानडीत, एवढ्यावरून त्याचे गुण आपण मनात मांडून मोकळे होतो. माणसाचे नाव कायम झाकून ठेवता येत नाही, ठेवूही नये; ते त्याचे स्वतःचे असते. मात्र गुण देताना क्षणभर त्यावर हात ठेवणे आपल्या हाती आहे. त्या क्षणी आपली परीक्षा कोणती जीभ करते, चवीची की सवयीची, हे ज्याने त्याने तपासावे.