तिसरी पिन

नांदेड,
चैत्र संपत आला

प्रिय भाचेबाई,

तुझा निरोप ऐकला. लातूरच्या खोलीवर जुना का होईना पण ॲम्प आला, दोन पेडलं आली, अभ्यासातून तासभर गिटारला मिळायला लागला, हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या आईला मी काही बोलणार नाही. पण निरोपाच्या शेवटी हसत हसत तू दोन गोष्टी सांगितल्यास आणि माझी झोप उडाली. गाताना ओठ माइकला टेकला की मुंग्या येतात, ही एक. ॲम्प सारखा गुणगुणतो म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलानं प्लगची वरची पिन काढून टाकायला सांगितलंय, ही दुसरी.

हे पत्र वाचून होईस्तोवर ॲम्प बंद ठेव. पिन काढली असशील तर आजच नवा तीन पिनांचा प्लग बसवून घे.

मी नांदेडात तीस वर्षं माइक-स्पीकर भाड्यानं दिले. सप्ताह, लग्नं, प्रचारसभा, गणपती, काही सोडलं नाही. गुणगुण घालवायची ही युक्ती मलाही कुणीतरी शिकवली होती आणि मी ती बिनधास्त वापरायचो. मग मुदखेडकडच्या एका लग्नात ऑर्केस्ट्राचा गिटारवाला गायला पुढे झाला, ओठ माइकला लागला आणि तो गिटारसकट मागे फेकला गेला. फेकला गेला म्हणून वाचला. तारांवर मूठ आवळली असती तर सुटली नसती. रात्री सामान आवरताना त्याच्या ॲम्पचा प्लग हातात आला. वरची पिन नव्हती. संध्याकाळी पक्कड घेऊन ती मीच कापली होती. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आता यामागची भानगड समजून घे. गिटारच्या ब्रिजखालून एक बारीक वायर जॅकच्या बाहेरच्या कडीला जाते. तिथून केबलच्या जाळीतून ॲम्पच्या पत्र्याला, पत्र्यावरून प्लगच्या वरच्या पिनला आणि पिनेतून घराच्या अर्थिंगला. तारांवर हात ठेवला की गुणगुण कमी होते ती या साखळीमुळेच. साखळी शाबूत असली तर आत एखादी फेज पत्र्याला टेकली तरी करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन काढलीस की तारा तशाच फेजवर राहतात. तू तारा धरून माइकला ओठ लावतेस, माइक मिक्सरला जोडलेला, मिक्सरला अर्थिंग. करंटला जमिनीत जायची वाट मिळाली, ती तुझ्या अंगातून.

प्लगची ती पिन जाड आणि लांब ठेवलीय ती उगाच नाही. घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. बाकीच्या दोघींच्या आधी येऊन त्या गेल्यावर जाणारी ही घरातली मोठी बाई समज.

हे खेड्यापाड्याच्या वायरिंगपुरतंच आहे असंही नाही. इंग्लंडमधल्या यार्डबर्ड्स बँडचा गायक कीथ रेल्फ 1976 साली स्वतःच्या घरात गिटार वाजवताना शॉकनं गेला. अर्थिंग धड नव्हतं. त्याआधी 1972 साली स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात माइकला हात लावताच गेला.

मुंग्या दर वेळी जीवघेण्या नसतात, हे खरं. ॲडॅप्टरमधून अगदी थोडा करंट झिरपतो आणि अर्थिंग नसलं की तो अंगाला जाणवतो. पण हा झिरपलेला करंट की थेट फेज, हे बोटाला ओळखता येत नाही. आपल्याकडे कूलरचा पत्रा झिणझिणला की "चप्पल घालून हात लाव" म्हणतात आणि सोडून देतात. उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात ती याच सवयीनं. तू गाण्याच्या बाबतीत ही सवय लावून घेऊ नकोस.

आता काय करायचं ते सांगतो. घरमालकांना सांगून चांगला वायरमन बोलाव. तू स्वतः सॉकेटमध्ये काही घालू नकोस. टेस्टर पेटला किंवा नाही पेटला यावर त्याला विसंबू देऊ नकोस, मीटर लावायला सांग. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थिंग. फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थिंगही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंग एक-दोन व्होल्ट. हा शेवटचा आकडा अगदी शून्य आला तर खूश होऊ नकोस, सॉकेट उघडून बघायला लाव. काही जण अर्थिंगसाठी लागणाऱ्या खड्ड्याचा खर्च वाचवायला अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडून मोकळे होतात. मीटर सगळं ठीक दाखवतो आणि ज्या दिवशी बाहेर न्यूट्रल तुटतो त्या दिवशी ॲम्पचा पत्रा फेज होतो.

मग अर्थिंगचा खड्डा बघा. कोळसा-मीठ घालून पाइप पुरलेला असतो तो. आपली काळी माती ओली असते तोवर पाइपला घट्ट धरून बसते, पण उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइप सुटा पडतो, म्हणून खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली तेव्हा तू लहान होतीस. त्या दिवसांत माणसाच्या घशाला पाणी नव्हतं, खड्ड्यात कोण ओतणार? आणि कोरड्या खड्ड्याचा हिशेब साधा आहे. त्याचा रोध 50 ओहम झाला तर 230 व्होल्टला 4.6 ॲम्पिअरच वाहतात. 6 ॲम्पिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहतो.

म्हणून लाईटच्या मीटरजवळ 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणूस मरू नये म्हणून. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत एवढासा फरक पडला की तो क्षणात लाईट तोडतो. त्यावर तपासणीचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाब. आणि फरशी पुसलेली असताना अनवाणी वाजवायला बसू नकोस. ओली शहाबादी फरशी म्हणजे करंटला पायघड्या.

राहिली गुणगुण. ॲम्प, पेडलं, मिक्सर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घे. दोन वेगळ्या सॉकेटांवरून दोन अर्थिंग आली की त्यांच्या फेऱ्यात 50 हर्ट्झचा खर्ज शिरतो. लोडची काळजी नको. 6 ॲम्पिअरचं सॉकेट 1380 वॉटपर्यंत झेपतं, तुझा घरगुती ॲम्प त्यातले शंभरसुद्धा घेत नसेल. त्या बोर्डवर इस्त्री आणि कूलर मात्र लावू नकोस. लाईट गेली की ॲम्पचं बटण बंद कर, येताना ती उसळी मारत येते. खोलीतला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर ॲम्प गुरगुरणारच, तेव्हा हेडफोन लावून बॅटरीवर सराव कर.

पेडलांना राउटरचा ॲडॅप्टर लावायचा मोह होईल, कारण पिन अगदी फिट बसते. पण राउटरचा बहुतेक वेळा 12 व्होल्टचा आणि मधे प्लस असतो. पेडलं बहुधा 9 व्होल्टची, मधे मायनस. उलटं लागलं तर पेडल जायला वेळ लागत नाही. पाठीवरचं चित्र बघ. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिॲम्पिअर सगळ्या पेडलांच्या बेरजेहून जास्त असले तर बिघडत नाही. रांजण मोठा असला म्हणून तांब्यात जास्त पाणी येत नाही. ॲम्पच्या पाठीवर 230 लिहिलंय ना, तेही बघून घे. 120 असेल तर लावूच नकोस. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाल, तारेचा तुकडा घालू नकोस. आणि ॲम्प उघडू नकोस. व्हॉल्व्हचा असेल तर बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहतात.

वायरमन येऊन गेला की मीटरचे तीन आकडे मला कळव. ते जुळले की एक गाणं रेकॉर्ड करून पाठव. मागे थोडी गुणगुण ऐकू आली तरी चालेल, पिन जागेवर आहे एवढं मला कळेल.

तुझा,
मामा