उथळ पाण्याची राखण

उजनीच्या फुगवट्यात भिगवणकडे होडीत बसलं की मच्छीमाराचं लक्ष कुठे असतं ते पाहावं. मधल्या खोल पाण्यात तो निवांत गप्पा मारतो. काठ जवळ आला की बोलणं थांबतं. खाली बुडालेली बाभळीची खोडं असतात, कुणाची जाळी असतात. पंखा अडकायच्या आत तो इंजिन वर उचलतो आणि बांबूने होडी रेटतो.

खरी कसोटी काठच्या उथळ पाण्यात असते, हे मला नौदलाच्या कार निकोबार वर्गातल्या गस्तीनौकांबद्दल वाचताना फार पटलं. कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधलेल्या या दहा नौका, नावं बहुतेक बेटांची. लांबी जेमतेम ४९ मीटर. कोलकाता वर्गाची विनाशिका १६३ मीटरची असते. यांच्या तळाशी पंखाच नाही. पाणी आत ओढून मागे जोरात फेकायचं, त्या झोतावर नौका पळते आणि झोत वळवला की वळते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या कमी पाण्यातही त्या शिरतात, आणि वेग ताशी ५५ किलोमीटरहून जास्त.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करायला 'कुबेर' ही मच्छीमार बोट बळकावून आलेले दहा दहशतवादी शेवटी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथे त्यांना हटकलं ते वस्तीतल्याच माणसांनी. कार निकोबार वर्गातल्या पहिल्या दोन नौका १६ फेब्रुवारी २००९ ला चेन्नईत दाखल झाल्या. त्यांची मागणी मात्र हल्ल्याच्या आधीच नोंदवलेली होती. त्याच वर्षी किनारा सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली. पण नौका कितीही वेगवान असली, तरी कुठे धावायचं हे तिला कुणीतरी कळवावं लागतं. हजारो मच्छीमार बोटींतली परकी बोट कोळ्याच्या नजरेला आधी खुपते. त्याच्या फोनला लगेच दाद मिळणं मला नव्या नौकेइतकंच मोलाचं वाटतं.

आणि किनारा राखायचं हे काम एकट्या कोकणाचं नाही. गिरगाव चौपाटीवर त्या दहांतल्या कसाबची बंदूक धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंबे गावचे, डोंगरातले.

बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. विचारलं तर पोलीस किंवा लष्कर सांगतात. नौदलाचं नाव क्वचितच निघतं. खरं तर नौदलाच्या जहाजांची इंजिनं सांभाळायचं शिक्षण ज्या आयएनएस शिवाजीत मिळतं, ते लोणावळ्याला आहे, आपल्याच पुणे जिल्ह्यात. भेटेल त्या पोराला मी हे आवर्जून सांगतो.