‘याने’ आणि ‘यांनी’

आई आली, बाबा आले. आजी म्हणाली, आजोबा म्हणाले. ही वाक्यं मराठी घरांत इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यात कुणाला कमी लेखलं जातंय असं मनातही येत नाही. बहुतेकदा तसं नसतंही. आईला ‘अगं’ म्हणण्यात माया असते. विठोबालाही आपण एकेरीच हाक मारतो. पण धुण्याभांड्याला येणाऱ्या, आपल्या आईच्या वयाच्या बाईंबद्दल ‘ती आज आलीच नाही’ असं आपण सांगतो, तेव्हाही रूप तेच असतं. एकात जवळीक, दुसऱ्यात उतरंड. समोर बसून ऐकणाऱ्याला हा फरक सुरावरून कळतो. कागदाला सूर नसतो.

म्हणून छापील बातमी मला जास्त अस्वस्थ करते. कालपर्यंत ज्यांच्या नावापुढे ‘यांनी’ लागत होतं, त्यांना अटक झाली की सकाळच्या अंकात त्याचं ‘याने’ झालेलं असतं. आरोपपत्र दाखल व्हायचं असतं, सुनावणी दूरच. व्याकरणाने मात्र निकाल देऊन टाकलेला असतो. बरं, हा नेम सगळ्यांना सारखा लागत नाही. वजनदार माणूस कोठडीत गेला तरी बरेच दिवस ‘यांना’च राहतो. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून धरलेला पोरगा पहिल्याच ओळीत ‘याला’ होतो. अपघाताच्या बातमीतही जखमी डॉक्टरांचं नाव-गाव येतं आणि गेलेल्यांचं अनेकदा ‘दोन मजूर ठार’ एवढ्यावरच भागतं. त्या दोघांनाही नावं होतीच की.

मराठीत यातून सुटकाही नाही. ‘आला’ म्हणा की ‘आले’, क्रियापद तोंडातून निघताच त्या माणसाला आपण कुठे बसवलं ते उघड होतं. गोष्ट नंतर सुरू होते.

महाभारतातला कर्ण या बाबतीत मला फार जवळचा वाटतो. त्याला वाढवणाऱ्या सारथी अधिरथ आणि राधेने त्याचं नाव वसुषेण ठेवलं. राधेमुळे तो राधेय. आदिपर्वातला शस्त्रपरीक्षेचा प्रसंग सावकाश वाचून बघावा. अर्जुनाला आव्हान देणाऱ्या या तरुणाला कृपाचार्य कुळ विचारतात आणि त्याची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अभिषेक करवतो. तो अंगराज होतो. तेवढ्यात काठीचा आधार घेत, थरथरत अधिरथ येतात. कर्ण धनुष्य टाकून, अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक त्यांच्यापुढे लववतो. ते त्याला मुलगा म्हणून जवळ घेतात, आणि ते पाहून भीम हिणवतो, ‘सूतपुत्रा, तू चाबूक धर.’ माणूस तोच, उभा आहे त्याच जागी. मधल्या काही क्षणांत तो राजा झाला, मुलगा झाला आणि सारथ्याचा पोर झाला, ते केवळ बोलणारा बदलला म्हणून.

पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला तो कुंतीचा मुलगा असल्याचं सांगतो. त्या एका ओळखीबरोबर राज्य मिळणार असतं. कर्ण नाकारतो, कारण राधेने त्याला वाढवलेलं असतं. आणि हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, असंही विनवतो. आपल्याला कोणी काय म्हणायचं हे तो इथे स्वतः ठरवतो, आणि महाभारतातला हा प्रसंग मला त्याच्या सगळ्या पराक्रमांहून मोठा वाटतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्णाची कथा वेगवेगळी पात्रं आपापल्या तोंडाने सांगतात, आणि स्वतः कर्णही सांगतो. तिथे त्याला ‘मी’ म्हणता येतं. इतरांनी दिलेली सगळी संबोधनं तेवढ्यापुरती बाजूला होतात.

मुलांना ही गोष्ट सांगताना मी एक पथ्य पाळते. ‘सूतपुत्र’ हा शब्द मी भीमाच्या तोंडी ठेवते, द्वेषाने बोलणाऱ्या इतरांच्या तोंडीही ठेवते, कारण तो गाळला तर त्याला काय सोसावं लागलं ते मुलांना कळणारच नाही. पण माझ्या स्वतःच्या वाक्यांत तो कर्णच असतो. अधिरथाबद्दल सांगताना मी ‘अधिरथ आले’ म्हणते.