वाचलेला रुपया कोणाच्या नावावर?

घरखर्चासाठी दिलेल्या पैशांतून महिनाअखेरीला काही उरलं, तर ते कोणाचं? हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी काढत नाही. काढला तर नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय, असाच अर्थ लावला जातो. इंग्लंडात तो थेट कोर्टात गेला होता. एका पत्नीने घरखर्चातून वाचवून सहकारी सोसायटीत ठेवलेले सुमारे १०३ पौंड १९४३ साली तिथल्या अपील न्यायालयाने नवऱ्याचे ठरवले. पैसे त्याने दिले, खर्चासाठी दिले. खर्च झाले नाहीत, तर ते त्याचेच राहिले. हा नियम बदलायला २१ वर्षं लागली. १९६४च्या कायद्याने अशी शिल्लक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, दोघांची निम्मी-निम्मी धरली.

आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे तांदळाचा डबा आहे.

काटकसरीबद्दल मराठीत भरभरून लिहिलं जातं आणि जवळजवळ सगळं कौतुकाने. ती होते कशी, हे मात्र त्यात फारसं नसतं. नवा गहू बाजारात आला की वर्षाचा भरायचा, निवडायचा, ऊन दाखवायचं, एरंडेल तेलाचा हात फिरवून कोठीत ठेवायचा. तुरीची डाळ, मिरची, मसाला यांचंही तेच. २०१५च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा ज्या घरात उन्हाळ्यात भरलेली डाळ होती त्या घराने पैसे वाचवलेच. पण ते वाचायला आधी तीन गोष्टी लागल्या होत्या. उन्हाळ्यात एकरकमी हातात पैसा, डबे ठेवायला जागा आणि ते सगळं करायला एका माणसाचे दिवस. काटकसरीलाही भांडवल लागतं. आठवड्याच्या मजुरीवर पाव किलो डाळ आणणाऱ्या बाईला ती महागच पडते, आणि तिलाच बचतीचे सल्ले सगळ्यात जास्त ऐकावे लागतात.

त्यातला तिसरा घटक, म्हणजे वेळ, आपण फुकट धरतो. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा दिवसाचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८. विकतच्या मसाल्याची किंमत आणि घरी कांडून आणलेल्या मसाल्याचा खर्च यांत जो फरक उरतो, ती या मिनिटांची मजुरी आहे. फक्त ती ‘कमावली’ असं कोणी म्हणत नाही, ‘वाचली’ म्हणतात.

आणि वाचलेल्या पैशाची एक खोड आहे. तो कुठे दिसत नाही. पगार जमेच्या बाजूला ठळक उमटतो. हिची कमाई मात्र खर्चाचा आकडा जरा लहान करते आणि तिथेच विरून जाते. उलट पुढच्या महिन्यात ऐकावं लागतं, “मागच्या वेळी बारा हजारांत भागलं होतं ना?” म्हणजे चांगल्या कामाचं बक्षीस काय, तर हातात येणारी रक्कम कमी! अशा व्यवहारात शिल्लक लपवून ठेवणं हा स्वभावदोष नाही, साधं शहाणपण आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मुलीला लहानपणापासून शिकवलं जातं. अंथरूण कोणाच्या नावावर आहे, हे विचारायला मात्र कोणी शिकवत नाही.

भिशीचं गणितही इथूनच समजतं. बारा जणींनी महिन्याला हजार-हजार घालायचे, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. व्याज शून्य. अर्थशास्त्र शिकलेला भाचा हसतो, की यापेक्षा बँकेत ठेवलेले काय वाईट? पण भिशी व्याजासाठी लावतच नाहीत. पैसा मैत्रिणींकडे अडकला, की घरात कोणी मागितलं तर “नाहीयेत” हे खरं बोलून सांगता येतं. आणि एकदम बारा हजार हातात येतात ते कोणाची परवानगी न घेता.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री हे सगळे डबे एकदम उघडे पडले. पाचशे आणि हजाराच्या नोटा बदलायच्या म्हणजे घरात सांगणं आलं. काही घरांत त्यावर विनोद झाले, काही घरांत ‘माझ्यापासून लपवलंस?’ म्हणून अबोला. आपल्या घरात अशी चोरून बचत का करावी लागली, हा प्रश्न किती नवऱ्यांनी स्वतःला विचारला असेल, शंकाच आहे. प्राप्तिकर खात्याला निदान उत्तर द्यावं लागलं. एका गृहिणीने त्या काळात खात्यात भरलेले २,११,५०० रुपये अघोषित उत्पन्न धरता येणार नाहीत, असा निर्णय आग्र्याच्या अपिलीय न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये दिला. बाई वर्षानुवर्षं घरखर्चातून पैसे बाजूला टाकू शकते, हे करखात्याच्या कज्ज्यात मान्य झालं.

मालकीचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. आपल्याकडे लग्नामुळे मालमत्ता सामाईक होत नाही. ज्याच्या नावावर, त्याची. नोकरी सोडून मुलं वाढवणाऱ्या बाईच्या नावावर बहुधा काही नसतं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सौदी अरेबियात नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या पत्नीचा निम्मा वाटा मानला, पण तो निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. अपवाद शेजारीच आहे. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची सामाईक असते. स्थावर विकायचं तर नवऱ्याला बायकोची संमती घ्यावी लागते. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यानेही ५अ कलमात हे मान्य करून अशा गोवेकर जोडप्याचं भाडं, धंदा, व्याज यांचं उत्पन्न दोघांत समान वाटलं. पगार तेवढा वगळला! तो ज्याने कमावला त्याचाच. मध्यमवर्गीय घरात पगाराशिवाय असतं काय, हे तिथे कोणाच्या ध्यानात आलं नसावं.

“तिचं नाव नॉमिनी म्हणून आहेच की,” असं सांगणारे भले लोक मला नेहमी भेटतात. नॉमिनीला खात्यातला पैसा खातेदाराच्या मृत्यूनंतर मिळतो, तोही बहुधा वारसांच्या वतीने सांभाळायला. तो जिवंत असताना दूधवाल्याचं बिल भरायला ते नाव उपयोगी पडत नाही. संयुक्त खातं आणि बायकोच्या हातात एटीएम कार्ड, इतकी साधी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२४ मध्ये निकालपत्रात लिहावी लागली.

घर ही काय भागीदारी फर्म आहे, असं यावर कोणी म्हणेल. म्हणू दे. पोस्टाची आवर्ती ठेव बायकोच्या (किंवा घरी थांबणाऱ्या नवऱ्याच्या) नावाने उघडता येते. महिन्याला २,००० रुपये, ६.७ टक्के दराने, पाच वर्षांनी सुमारे १ लाख ४२ हजार. फक्त ते पैसे महिन्याच्या शेवटी उरले तर भरायचे नाहीत. पगाराच्या दिवशी, दुधाच्या आणि शाळेच्या फीच्याही आधी काढायचे, आणि त्यांचं काय केलं हे विचारायचं नाही. घरखर्चात त्यानंतर जे वाचेल ते वेगळं.