मजुरी कुठल्या मिनिटापासून मोजायची?

आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, अयोध्याकांड, सर्ग १००



आजचा सर्ग चित्रकूटावरचा आहे. भरत रामाला भेटायला वनात आलाय. अंगावर वल्कलं, डोक्यावर जटा, शोकाने पार खंगलेला. तो रामाच्या पायाशी कोसळतो. राम त्याला उठवून जवळ घेतो, मांडीवर बसवतो आणि प्रश्न विचारायला लागतो. वडील गेल्याची बातमी रामाला अजून कळलेली नाही. मंत्री नीट पारखून नेमलेस ना? किल्ल्यांत धान्य-पाण्याचा साठा आहे ना? शेती करणारे, गुरं राखणारे सुखात आहेत ना? असे प्रश्नामागून प्रश्न. बहुतेक प्रश्न एकाच शब्दाने सुरू होतात, 'कच्चित्'. हे नुसतं 'का?' नव्हे. समोरच्याने 'हो' म्हणावं अशी आशा त्यात असते. आपण म्हणतो ना, "सगळं नीट चाललंय ना रे?" तो सूर.

या प्रश्नांच्या गर्दीत एक प्रश्न पगाराचा आहे. सैनिकांना ठरलेलं अन्न आणि वेतन वेळच्या वेळी देतोस ना, त्यात उशीर करत नाहीस ना, असं राम विचारतो. आणि लगेच सांगतो, की हे देण्याची वेळ टळली की पोटासाठी राबणारी माणसं धन्यावर रागावतात, बिघडतात, आणि हा फार मोठा अनर्थ असतो. महाभारतातही सभापर्वात नारदमुनी युधिष्ठिराला जवळजवळ हेच विचारतात. दोन्ही ग्रंथांत हा प्रश्न आहे आणि दोन्हीकडे तो चांगल्या राजाला विचारलाय, दुष्टाला नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं.

वाचताना मी 'उशीर' या शब्दापाशी थांबलो. एक तारखेचा पगार दहा तारखेला झाला तर तो उशीर, हे सगळ्यांनाच कळतं. पण काम पहाटे सुरू झालं आणि मजुरीची मोजणी दुपारी सुरू झाली, तर त्याला काय म्हणायचं?

हा काल्पनिक प्रश्न नाही. दक्षिण कोरियात घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं घडत होतं. तिकडे या सेवेला 'थेकबे' म्हणतात. यातले बहुतेक ड्रायव्हर कागदोपत्री कंपनीचे नोकर नसतात, स्वतंत्र व्यावसायिक असतात. त्यांना महिन्याचा पगार नाही. जितकी खोकी पोहोचवली तितक्या खोक्यांचं कमिशन. पण खोकं पोहोचवण्याआधी ते हातात यावं लागतं. सकाळी सातच्या सुमाराला ड्रायव्हर गोदामावर हजर व्हायचे. मोठ्या ट्रकमधून आलेला माल पट्ट्यावरून सरकत यायचा. पट्ट्याशेजारी उभं राहून आपल्या भागाचं प्रत्येक खोकं ओळखायचं, उचलायचं, बाजूला लावायचं, मग आपल्या गाडीत भरायचं. यात कित्येक तास जायचे, सणासुदीला तर दुपार व्हायची. आणि या तासांचे पैसे? शून्य. पहिलं खोकं कुणाच्या तरी दारात पोहोचलं की मगच कमाई सुरू.

कोरियन कामगार संघटनांनी याला सरळ 'फुकटची मजुरी' असं नाव दिलं. कंपन्यांचं म्हणणं होतं, की माल निवडणं हा पोहोचवण्याच्याच कामाचा भाग आहे आणि त्याचा मोबदला कमिशनमध्येच धरलाय.

२०२० साली कोरोनामुळे लोक घरात बसले आणि पार्सलं प्रचंड वाढली. खोकी वाढली म्हणजे निवडायचे तास वाढले, म्हणजे डिलिव्हरी उशिरा सुरू, म्हणजे रात्री उशिरापर्यंत जिने चढणं. त्या एका वर्षात डझनाहून अधिक ड्रायव्हर गेले आणि हे मृत्यू अतिश्रमाचे आहेत, असं संघटना सांगत राहिल्या. त्या वर्षी १४ ऑगस्टला तिथे पहिल्यांदाच 'पार्सल बंद' दिवस पाळला गेला. ही सेवा सुरू झाल्याला तेव्हा २८ वर्षं झाली होती. सप्टेंबरमध्ये, त्यांच्या चुसॉक सणाच्या तोंडावर, चार हजारांवर ड्रायव्हरांनी जाहीर केलं, की आम्ही डिलिव्हरी करू, पण माल निवडणार नाही. दुसऱ्याच दिवशी जादा माणसं देण्याची आश्वासनं मिळाली आणि त्यांनी तो निर्णय मागे घेतला. तरी मृत्यू थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या पार्सल कंपनीला, सीजे लॉजिस्टिक्सला, जाहीर माफी मागून माल निवडायला ४,००० माणसं देऊ असं सांगावं लागलं. शेवटी २१ जानेवारी २०२१ रोजी संघटना, कंपन्या आणि सरकार यांच्यात करार झाला. माल निवडणं हे ड्रायव्हरचं मूळ काम नाही, ती कंपनीची जबाबदारी. ड्रायव्हरकडून ते करून घेतलंच, तर त्याचे वेगळे पैसे. आठवड्याला जास्तीत जास्त ६० तास काम.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. 'मोबदला कमिशनमध्येच धरलाय' हे उत्तर धर्माच्या कसोटीला उतरतं का?

वरवर उतरतं. करार झालाय, सही आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण 'धरलाय' असं म्हणायचं तर त्या तासांचा कुठेतरी हिशोब हवा. निवडायला दोन तास लागोत की पाच, कमिशन तेवढंच. म्हणजे वाढलेल्या तासांचा भार एकट्या ड्रायव्हरवर, आणि वाढलेल्या खोक्यांचा फायदा सगळ्यांना. ज्या गोष्टीचं कमीजास्त होणं हिशोबात कुठेच उमटत नाही, ती हिशोबात धरलेली नसते. हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगू शकतो. सिस्टीममध्ये कुठल्या क्षणाला 'काम सुरू' म्हणायचं, हे आपोआप ठरत नाही. कुणीतरी बसून ठरवतं. गोदामाच्या फाटकातून आत आल्यावर घड्याळ सुरू करायचं, की पहिलं पार्सल दारात दिल्यावर? कोडमध्ये हा एका ओळीचा फरक असतो. त्या ओळीच्या अलीकडे जे घडतं त्याची कुठे नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे ते घडलंच नाही असं पुढचे सगळे रिपोर्ट धरून चालतात. उशिरा दिलेला पगार निदान वहीत 'देणं' म्हणून दिसतो. मोजणीच उशिरा सुरू केली तर ते देणं कधी जन्मालाच येत नाही. रामाने विचारलेल्या उशिरापेक्षा हा उशीर मला जास्त कठोर वाटतो, कारण तो कधीच भरून निघत नाही.

"पण जबरदस्ती कुठे आहे? नको असेल तर सोडा काम!" हा आक्षेप नेहमी येतो. याला आपल्याच देशातलं एक उत्तर आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे, आणि घटनेच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच आपला शब्द ठेवलाय. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती. तिथल्या मजुरांचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं, पण मुकादम त्यातला एक रुपया कापून घ्यायचे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर ती सक्तीची मजुरीच, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. कोरियातला कायदा वेगळा, तिथली परिस्थिती वेगळी. पण विचार तोच लागू पडतो. ज्याने कर्ज काढून गाडी घेतलीय, तो सकाळी सातला पट्ट्याशेजारी उभा राहायला 'नाही' कसा म्हणणार?

दुसरा आक्षेप मात्र आपल्यासारख्या पोथी वाचणाऱ्यांकडून येतो, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. कर्म करावं, फळावर हक्क सांगू नये. मग मिनिटा-मिनिटाचा हिशोब मागणं हे कोतेपणाचं नाही का? थोडं जास्त काम केलं तर काय बिघडलं?

यावर विचार करताना मला आषाढीची वारी आठवली. पालखी गावात मुक्कामाला असते तेव्हा माणसं पहाटे तीनला उठून पिठलं-भाकरी करतात, वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. एक पैसा मिळत नाही, आणि कुणी द्यायला गेलं तर राग येईल. पहाटेचे तास तेच, अंगमेहनतही तेवढीच. मग फरक कुठे पडतो? वारीत ते तास देणाऱ्याने स्वतः दिलेले असतात, विठ्ठलाला दिलेले असतात, आणि त्यातून कुणाचा नफा वाढत नाही. गोदामातले तास घेणाऱ्याने ठरवलेले असतात. पहिली सेवा, दुसरी वेठ. फळाची आशा सोडणं हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं. मी एकादशी धरली म्हणून शेजाऱ्याचं ताट काढून घेऊ शकत नाही. भगवंतांनी तो उपदेश अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या कर्माबद्दल केला. दुसऱ्याच्या मजुरीबद्दल बोलायची वेळ येते तेव्हा आपल्या ग्रंथांत आजच्या सर्गातला प्रश्न येतो. वेळच्या वेळी देतोस ना?

आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचं काय? इथे कोरियातलाच एक आकडा विचार करायला लावतो. जून २०२१ मध्ये दुसरा करार झाला, तेव्हा माल निवडणारी वेगळी माणसं आणि ड्रायव्हरांचा विमा यांचा खर्च काढला गेला. तो निघाला एका खोक्यामागे १७० वॉन. तेव्हाच्या भावाने आपले साधारण अकरा रुपये. म्हणजे इतकी वर्षं ही रक्कम बिलात नव्हती, पण ती भरली जात होती. ड्रायव्हर आपल्या झोपेतून, आपल्या पाठीतून भरत होता. 'फ्री डिलिव्हरी' असं आपण ज्याला म्हणतो, त्यात फुकट काहीच नसतं. कुणी भरायचं, एवढंच ठरायचं असतं.

आणि करार झाला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. दर वाढले, पण वाढलेला पैसा नक्की कुणाकडे जातोय यावरून वाद पेटला आणि २०२१च्या डिसेंबरअखेरीपासून २०२२च्या मार्चपर्यंत सीजे लॉजिस्टिक्सचे ड्रायव्हर संपावर होते. एकदा नियम लिहून टाकला की काम झालं, असं होत नाही. म्हणूनच बहुधा राम भरताला नुसती आज्ञा करत नाही, विचारतो. भरत लोभी नाही. त्याने हातात आलेलं राज्य नाकारलंय, ते परत द्यायला तो अनवाणी मनाने रानात आलाय. अशा माणसालाही राम विचारतो, कारण कारभार मोठा झाला की धन्याचं मन स्वच्छ असूनही खालच्या माणसाचं वेतन अडकू शकतं. चांगुलपणा असणं वेगळं आणि हिशोब बरोबर असणं वेगळं. दुसरी गोष्ट विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्यापैकी कुणी राजा नाही. पण कुणाच्या ना कुणाच्या वेळेची मोजणी आपल्या हातात असते. सोसायटीच्या गेटवर ॲपमधून परवानगी येईपर्यंत उभ्या राहणाऱ्या मावशी, त्यांची ती दहा मिनिटं कोणाच्या खात्यात? सातची ड्यूटी असून चार्ज घ्यायला पावणेसातला यावं लागणारा वॉचमन? ऑफिसच्या कॅबचा ड्रायव्हर, जो आपली पहिली फेरी सुरू होण्याआधी गाडी धुऊन, पेट्रोल-सीएनजीच्या रांगेत उभा राहून आलेला असतो?

आजचा संकल्प एवढाच. आज दिवसभरात अशा एका माणसाला विचारायचं, "काका, तुमचं काम खरं किती वाजता सुरू होतं? आणि पैसे कधीपासून धरतात?" उपदेश नको, दया नको. रामाच्या सुरात विचारायचं, उत्तर 'हो, सगळं नीट आहे' असं यावं अशी आशा धरून. आणि उत्तर तसं आलं नाही, तर त्यातलं आपल्या हातात किती आहे ते बघायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक विषय मांडणं, करारात एक ओळ घालणं, कोडमधलं घड्याळ थोडं अलीकडे आणणं.

उद्या सर्ग १०१. भरत या सगळ्या प्रश्नांनंतर काय बोलतो ते पाहू.

रामकृष्णहरी.